बंद पडलेल्या नेटलेबलचे अल्बम शोधतोय: टॉरेंट, सोलसीक, ईम्यूल... नेमका कुठे हात घालू?

फुटका_स्पीकर

मंडळी, जरा लांबण लावतोय, सांभाळून घ्या. माझ्याकडे ४३ अल्बमची एक यादी आहे. त्यातले बरेचसे २००३ ते २००९ च्या दरम्यानच्या नेटलेबलचे, म्हणजे ज्यांनी सीडी-बिडी काही काढलीच नाही, थेट आपल्या साइटवर एमपीथ्री टाकल्या आणि क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन लावून सांगितलं की घ्या, वाटा, फक्त विकू नका. आता त्या साइटच राहिल्या नाहीत. डोमेन भलत्यानेच उचललंय आणि तिथे जुगाराच्या जाहिराती नाचतायत. बाकीच्यात सात-आठ लाइव्ह शोची रेकॉर्डिंग आहेत, अशा बँडची ज्यांनी लोकांना माइक लावून रेकॉर्ड करायला स्वतःहून परवानगी दिलेली.

आत्तापर्यंत काय केलं तर टॉरेंट शोधले. चार मिळाले. एक पूर्ण उतरला, दोघांना एकही सीडर (पूर्ण फाइल वाटणारा) नाही, आणि चौथा तीन आठवडे ९७ टक्क्यांवर ठाण मांडून बसलाय, ढिम्म हलत नाही. एका ब्लॉगवर जुन्या लिंका मिळाल्या, सगळ्या मेलेल्या. एक मित्र म्हणतो सोलसीक घे, दुसरा म्हणतो ईम्यूल अजून जिवंत आहे, तिसरा म्हणतो यूजनेट, पण त्याला पैसे लागतात म्हणे.

तर मला एवढंच सांगा की दुर्मीळ गोष्ट *सापडायला* कुठली पद्धत बरी. स्पीडचं काही नाही, रात्रभर लागली तरी चालेल. आणि मिळालेली फाइल अस्सल आहे की कुणीतरी उगाच फुगवलेली, हे कसं ओळखायचं तेही सांगा.

कृपा करून स्ट्रीमिंगवर ऐक ना असं सांगू नका. तिथे नाहीये म्हणूनच विचारतोय.

---

रिकामटेकडा_२२

स्ट्रीमिंगवर ऐक ना

(गंमत केली रे, चिडू नकोस. मीही वाचायला बसलोय.)

---

कोपऱ्यातला_सीडर

भावा, ९७ टक्क्यांचं आधी सांगतो. तुझ्या क्लायंटमध्ये, म्हणजे टॉरेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये, अव्हेलेबिलिटी म्हणून एक आकडा असतो तो बघ. तो ०.९७ असेल तर अर्थ साधा आहे, आत्ता जोडलेल्या सगळ्यांकडचे तुकडे गोळा केले तरी पूर्ण फाइल होत नाही. तुझ्यासारखेच दहाजण ९७ वर बसून एकमेकांची तोंडं बघतायत. ज्याच्याकडे उरलेले तीन टक्के होते तो निघून गेला. तसं बिटटॉरेंट सगळ्यात दुर्मीळ तुकडा आधी पळवायचा प्रयत्न करतं, पण मुळात आख्खी फाइल असलेला एकच माणूस होता आणि तो मधेच उठला तर प्रोटोकॉल तरी काय करणार.

आता मूळ प्रश्न. लोक शोधणं आणि उतरवणं या दोन गोष्टींची खिचडी करतात. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरेंट आणलं ते उतरवण्यासाठी, म्हणजे एकच मोठी फाइल एकाच वेळी हजार जणांना हवी असेल तर सर्व्हरवर भार न येता ती सगळ्यांना कशी पोचेल यासाठी. शोध त्यात नाहीच! टॉरेंट फाइल किंवा मॅग्नेट लिंक बाहेरून कुठूनतरी आणायची, मग पुढचं काम त्याचं. आणि डीएचटी डीएचटी म्हणून जे सांगतात, म्हणजे मधल्या सर्व्हरशिवाय सगळ्यांनी मिळून सांभाळलेली यादी, तिथेही अल्बमचं नाव विचारता येत नाही, हॅश (फाइलीवरून काढलेला, ठशासारखा नंबर) माहीत असेल तरच तो हॅश कुणाकडे आहे हे कळतं. म्हणजे घर नंबर माहीत असेल तर रस्ता सांगतो, पण माणसाचं नाव सांगून उपयोग नाही. म्हणून आज लाखो लोकांना हवं असलेलं टॉरेंटवर फर्स्टक्लास मिळतं आणि तुझ्यासारखं तीनशे जणांनी ऐकलेलं काहीतरी तिथे लवकर मरतं.

याच्या उलट जुनं नॅपस्टर बघ, १९९९ चं. तिथे मध्ये एक सर्व्हर, त्याच्याकडे आत्ता ऑनलाइन असलेल्या सगळ्यांच्या फाइलींची यादी, आणि गाणं मात्र थेट त्या माणसाच्या कॉम्प्युटरवरून यायचं. शोधायला एकदम झकास. पण यादी एका जागी म्हणजे मानही एका जागी, रेकॉर्ड कंपन्यांनी कोर्टात ती पकडली आणि जुलै २००१ मध्ये सगळं थंड. त्याच्यावर उपाय म्हणून ग्नूटेला होतं, मार्च २००० चं, मधला सर्व्हरच नाही. तुझा प्रश्न शेजाऱ्यांना, त्यांचा त्यांच्या शेजाऱ्यांना, असं साधारण सात उड्यांपर्यंत जायचं आणि मग विरायचं. चलती गाणी सात उड्यांत मिळायचीच. दुर्मीळ फाइल मात्र आठव्या घरात असली तर तुझ्यासाठी ती जगात नाहीच. कुणाचा कान धरायचा हा कोर्टाचा प्रश्न सुटला पण शोधणाऱ्याचं नुकसान झालं.

ऑडिओगॅलक्सी कुणाला आठवतंय का? ते २००२ मध्ये गुंडाळलं. त्याच्यासारखी सोय मला नंतर कुठे दिसली नाही, कारण माणूस ऑफलाइन असला तरी त्याच्याकडे ही फाइल होती हे साइटच्या लक्षात राहायचं, आपण मागणी टाकून झोपून जायचं, तो कधीतरी उगवला की गाणं आपोआप यायचं. तुझ्या कामाला तेच हवं होतं, पण असो, वरातीमागून घोडं.

आज तुझ्यासाठी सोलसीक. डोळे मिटून. नॅपस्टरमध्ये काम केलेल्या प्रोग्रामरनेच ते बनवलं आणि पद्धत बरीचशी तीच आहे, मध्ये सर्व्हर, देवाणघेवाण दोघांच्यात थेट. एका वेळी एकाच माणसाकडून फाइल येते, तुकडे-बिकडे नाहीत, म्हणून धीमं. पण शोधताना फायदा असा की कुणी मुद्दाम पोस्ट करावं लागत नाही! टॉरेंट म्हटलं की कुणीतरी बसून तो बनवायला हवा, त्याची लिंक कुठेतरी टाकायला हवी. इथे माणसाने आपलं फोल्डर उघडं ठेवलं की संपलं, २००५ साली उतरवलेलं आणि तो स्वतःही विसरलेला अल्बम सुद्धा तुझ्या शोधात येतो.

आणि त्याहून मोठी गोष्ट, एखाद्याकडे तुला हवा तो एक अल्बम मिळाला की त्याच्या नावावर राइट क्लिक करून त्याचं अख्खं कपाट उघड. माझ्या यादीतले निम्मे मला शोध टाकून मिळालेच नाहीत, असे दुसऱ्याचं कपाट चाळताना मिळालेत. ज्याच्याकडे एक विचित्र गोष्ट असते त्याच्याकडे अजून चाळीस असतात.

---

जुना_हबवाला

सीडरने छान लिहिलंय पण ईम्यूलला एकदम वाळीत टाकू नका राव.

ईम्यूल २००२ चं, त्याच्या आधी ईडॉंकी. त्याच्यात काड नावाचं जे नेटवर्क आहे ते आणि टॉरेंटचं डीएचटी दोन्ही एकाच घराण्यातले, काडेम्लियाच्या कल्पनेवर बेतलेले. पण फरक इथेच आहे की काडमध्ये शब्द टाकून शोधता येतं. मधला सर्व्हर नसतानाही. हे टॉरेंटला जमलेलं नाही, आणि तरी लोक ईम्यूलला म्हातारं म्हणून हसतात.

दुसरं म्हणजे तिथे फाइलची ओळख तिच्या नावावरून नसते, हॅशवरून असते. एकाने नाव नीट दिलंय, दुसऱ्याने ट्रॅक०१ असं दिलंय, तरी फाइल तीच असेल तर दोघं एकाच फाइलचे सोर्स म्हणून धरले जातात. सोलसीकमध्ये हे नाही, तिथे नाव आणि फोल्डरचा रस्ता यातले शब्द जुळले तरच सापडतं, म्हणून तिथे ट्रॅक०१ वाला माणूस तुम्हाला जन्मात दिसणार नाही.

वाईट बाजूही सांगतो. रांग. रांगेत नंबर १८०० वगैरे बघून धीर खचतो. ज्याला तुम्ही आधी काही दिलंय त्याच्याकडेच तुमचं क्रेडिट असतं, बाकीच्यांकडे तुम्ही मागेच राहता, आणि नवा माणूस देणार काय? त्यात ईम्यूल फाइलचे साधारण ९.७ एमबीचे भाग करतं आणि भाग पूर्ण उतरून तपासला गेल्याशिवाय पुढे देत नाही. आता चार मिनिटांचं ३२० केबीपीएसचं गाणं म्हणजे ९.६ एमबी, १९२ चं तर ६ च्याही खाली. म्हणजे अख्खं गाणं हाच एक भाग! तुकड्या-तुकड्याने वाटून घ्यायची जी मजा मोठ्या फाइलीला येते ती गाण्याला येत नाही. ती सगळी यंत्रणा मोठ्या फाइलींना साजेशी आहे, गाण्याला तिचा फार फायदा नाही. तरी लावून ठेवा आणि विसरून जा. मला एक लाइव्ह रेकॉर्डिंग पाच महिन्यांनी मिळालं होतं, मी शोध टाकलाय हेच विसरलो होतो.

डायरेक्ट कनेक्ट तर विचारूच नका, माझी जवानी त्यात गेली. हबमध्ये, म्हणजे लोक जमायचे त्या सर्व्हरवर, शिरायचं तर आधी एवढे जीबी शेअर करा ही अट, आणि मग लोक सिस्टिमचं फोल्डर, गेम, वाट्टेल ते शेअर करून आकडा फुगवायचे आणि ऑपरेटर शोधून शोधून त्यांना हाकलायचे, त्यात रोज रात्री दोन तास भांडणं. पण एका विषयाचं हब असलं आणि ते चांगलं चाललेलं असलं तर तिथे शोधण्यापेक्षा विचारणं जास्त कामाला यायचं. आता माझ्या माहितीतली तशी हब ओस पडलीत.

---

फुटका_स्पीकर

काका आणि दादा, दोघांचे आभार. सोलसीक टाकलं, त्यासाठी निकोटीन प्लस हे सॉफ्टवेअर वापरतोय कारण ते ओपन सोर्स आहे. पहिल्याच रात्री ११ अल्बम मिळाले!! विश्वास बसत नाहीये. पण काहीतरी गडबड आहे. शोधात माणसं दिसतात आणि त्यातल्या निम्म्यांकडून घ्यायला गेलो की कनेक्शन होत नाही असं येतं. कपाट उघडायला गेलो तरी तेच. काहींनी तर मला सरळ ब्लॉक केलं, मी कुणाचं काय घोडं मारलं?

---

पोर्ट_उघडा

ब्लॉकचं सोपं आहे. तू काही शेअर केलंयस का? शून्य फाइल दिसत असतील तर खूप जण आपोआप नकार देतात. जी ११ मिळाली तीच शेअरमध्ये टाक, क्रिएटिव्ह कॉमन्सचीच आहेत ना, मग बिनधास्त. फक्त फोल्डर बघून टाक. घाईत आख्खी ड्राइव्ह शेअर करणारे मी पाहिलेत, स्कॅन केलेली कागदपत्रं, बायोडेटा, पोराबाळांचे फोटो सगळं जगाला उघडं. संगीतासाठी एक वेगळं फोल्डर कर आणि तेवढंच दाखव.

कनेक्शनचं दुखणं वेगळं. सोलसीकमध्ये दोघांपैकी एकाला तरी बाहेरून आलेलं कनेक्शन घेता आलं पाहिजे. तू राउटरच्या मागे, पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) बंद. समोरच्याचा पोर्ट उघडा असेल तर तू त्याच्याकडे जाऊ शकतोस आणि काम होतं. त्याचाही बंद असेल तर दोघंही आपापल्या दाराआड उभे, कडी कोण काढणार. म्हणून निम्म्यांशी जमतं आणि निम्म्यांशी नाही.

उपाय: राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन क्लायंटमध्ये जो पोर्ट दिसतो तो फॉरवर्ड कर (सोलसीकचा बहुधा २२३४ असतो). यूपीएनपी चालू असेल तर आपोआपही होतं. मग क्लायंटमध्येच पोर्ट तपासायची सोय आहे, ती चालव.

त्यानेही नाही झालं तर राउटरमध्ये दिसणारा वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) आणि माझा आयपी काय असं सांगणाऱ्या साइटवर दिसणारा आयपी ताडून बघ. दोन वेगळे असतील आणि राउटरमधला १०० ने सुरू होत असेल (१००.६४ ते १००.१२७ मधला) तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस. म्हणजे कंपनीने एकाच पब्लिक आयपीमागे पुष्कळ ग्राहक बसवलेत आणि तुझ्या राउटरमध्ये तू कितीही पोर्ट उघडलेस तरी बाहेरचा दरवाजा त्यांच्या हातात. मी माझ्या जुन्या कनेक्शनवर यात दोन शनिवार घालवले, राउटर तीनदा रीसेट केला, शेवटी सपोर्टवाल्याने शांतपणे सांगितलं की सर तुमचा आयपी शेअर्ड आहे. पब्लिक आयपी मागून घे नाहीतर पोर्ट फॉरवर्डिंग देणारं व्हीपीएन बघ. टॉरेंटला हा त्रास कमी जाणवतो कारण तिथे पन्नास पीअर (तीच फाइल घेणारे-देणारे) असतात, वीसांशी जमलं तरी फाइल पूर्ण होते. सोलसीकमध्ये फाइल त्या एकाच माणसाकडे, आणि नेमका तोच बंद.

---

बी_साइड

माफ करा पण मला हसू येतंय. सगळे नेटवर्कच्या गप्पा मारतायत आणि कुणी आधी इंटरनेट आर्काइव्ह बघितलं का असं विचारलंच नाही! नेटलेबल म्हणताय ना, तिथे नेटलेबल नावाचा वेगळा संग्रहच आहे, कित्येक लेबलं आपल्या फाइली पहिल्यापासून तिथेच ठेवायची कारण स्वतःचं होस्टिंग परवडायचं नाही. साइट मेली तरी फाइली तिथे आहेत. आणि लाइव्ह शोसाठी लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह, २००२ पासून, ई-ट्री नावाच्या टेपर (शो रेकॉर्ड करणाऱ्या) लोकांच्या गटाबरोबर उभं केलेलं, ज्या बँडनी परवानगी दिली त्यांचीच रेकॉर्डिंग घेतात. तुमची सात-आठ तिथे असायची दाट शक्यता.

एक लक्षात ठेवा, तिथली परवानगी बँडच्या मनावर असते. ग्रेटफुल डेड या बँडचं २००५ मध्ये झालं तसं, साउंडबोर्डची (स्टेजच्या मिक्सरवरून थेट घेतलेली) रेकॉर्डिंग फक्त ऐकण्यापुरती ठेवली आणि प्रेक्षकांतून केलेली मात्र उतरवता येतात. तेव्हा डाऊनलोडचं बटण दिसलं नाही तर साइट बिघडली म्हणून बोंब मारू नका.

आणि हो, तिथल्या उतरवता येणाऱ्या बहुतेक आयटमचा टॉरेंटही असतो. त्यात वेबसीड असतं, म्हणजे एकही सीडर नसला तरी आर्काइव्हचा सर्व्हरच सीडरचं काम करतो. ९७ टक्क्यांवर अडकायची भानगड नाही.

तिथेही नसेल तर वेबॅक मशीनमध्ये (आर्काइव्हचंच, जुन्या साइटच्या साठवलेल्या प्रती दाखवतं) मेलेल्या लेबलचा जुना पत्ता टाका. एमपीथ्री साठवली गेली असेलच असं नाही, माझ्या अनुभवात बहुतेकदा नसते, कधी कधी असते. पण फाइल नाही मिळाली तरी रिलीजचं पान मिळतं आणि त्यावर कॅटलॉग नंबर असतो. तो टिपून घ्या! अल्बमचं नाव लोक हजार प्रकारे लिहितात, उम्लाउट (वर दोन ठिपके) असलेलं अक्षर कुणी साधं टाकतो, कुणी गाळतो, पण लेबलची तीन अक्षरं आणि ०१७ असं जे फोल्डरच्या नावात असतं ते तसंच राहतं कारण झिप फाइल लेबलने तशीच दिलेली असते. सोलसीकमध्ये नुसता कॅटलॉग नंबर टाकून शोधा. डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवरही नेटलेबलच्या नोंदी आहेत, नंबर तिथूनही मिळतात.

ब्लॉगच्या मेलेल्या लिंका पण फेकू नका. मेगाअपलोड १९ जानेवारी २०१२ ला बंद पाडलं, रॅपिडशेअर ३१ मार्च २०१५ ला स्वतःच बंद झालं, त्यांच्यावर ठेवलेलं सगळं गेलं. पण ब्लॉगची पोस्ट शिल्लक आहे, तिच्यात गाण्यांची यादी आहे, बिटरेट लिहिलाय, खाली कॉमेंटमध्ये कुणीतरी म्हणालंय की माझ्याकडे याचा दुसरा भागही आहे. त्या माणसाचं टोपणनाव सोलसीकवर टाकून बघा. हसू नका, मला असा एकजण खरंच सापडलाय.

---

फुटका_स्पीकर

ताई, पायाचा फोटो पाठवा. आर्काइव्हवर १९ मिळाले. एकोणीस! लाइव्ह शोपैकी सहा मिळाले ते धरून. मी तीन आठवडे ९७ टक्के बघत काय करत होतो.

पोर्टचं पण झालं, यूपीएनपी बंद होतं.

---

स्पेक्ट्रम_ताई

अस्सल-नकली हा प्रश्न मागेच राहिला म्हणून लिहिते.

फाइलचं एक्स्टेन्शन फ्लॅक आहे म्हणजे आत लॉसलेस, म्हणजे काही न गाळता साठवलेला आवाज, आहे असं नाही. १२८ ची एमपीथ्री घेऊन कुणीही तिचं फ्लॅक करू शकतं, आकार पाच-सहापट होतो, आवाज तोच राहतो, गेलेलं परत येत नाही. ओळखायला स्पेक नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, किंवा ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या उंचीचा आवाज किती ते रंगांत दाखवणारं चित्र) लावा. सीडीवरून आलेलं असेल तर रंग साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंत चढलेले दिसतात. १२८ ची एमपीथ्री असेल तर १६ च्या आसपास कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ. ३२० ला ती २० च्या आसपास जाते, तिथे जरा डोळे ताणावे लागतात. पण नुसत्या चित्रावर फाशी देऊ नका, जुन्या कॅसेटवरून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये वरचा भाग मुळातच नसतो, तिथे अस्सल फ्लॅकसुद्धा नकली वाटतं. कापलेली सरळ रेघ आणि हळूहळू विरत जाणारा रंग यात फरक आहे, दोन-चार फाइली बघितल्या की नजर बसते.

फाइल मधेच बिघडलीय का हे वेगळं. फ्लॅकच्या आतच मूळ आवाजाचा एमडी५ (एक प्रकारचा हॅश) ठेवलेला असतो, फ्लॅक टेस्ट चालवली की तो जुळतो की नाही ते कळतं. एमपीथ्रीत अशी सोय नाही. टॉरेंटमध्ये प्रत्येक तुकडा हॅशने तपासूनच घेतला जातो, त्यामुळे ज्याने टॉरेंट बनवला त्याच्याकडे जे होतं ते जसंच्या तसं तुमच्याकडे येतं. (त्याच्याकडेच नकली असेल तर नकलीच येतं, तेही बिनचूक.) सोलसीकमध्ये तपासणी नाही, समोरच्याकडची फाइल अर्धवट असली तर तुम्हाला अर्धवटच मिळेल, म्हणून शेवटची दहा सेकंद ऐकून बघायची सवय लावा.

जुन्या लोकांना काझा हे फाइल वाटायचं सॉफ्टवेअर आठवत असेल. त्याची हॅश पद्धत अख्खी फाइल वाचायचीच नाही, सुरुवातीचे ३०० केबी आणि मग मधूनमधून थोडे थोडे नमुने. मधल्या न तपासलेल्या भागात कचरा भरला तरी हॅश तोच यायचा, आणि गाणी खराब करून सोडणाऱ्यांनी याचा भरपूर फायदा घेतला. तिथे गाणं मधेच किंचाळायला लागायचं त्याचं हे एक कारण.

लाइव्ह शोच्या फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल असते, कुठला माइक, कशावर रेकॉर्ड केलं, तिथून कॉम्प्युटरवर कसं आलं, सगळा वंशवृक्ष. शेजारी फिंगरप्रिंटची, म्हणजे गाण्यांच्या हॅशची, फाइल. या दोन्ही गाण्यांबरोबरच ठेवा. ज्या फोल्डरमध्ये त्या नाहीत तिथे मधे कुणी काय केलंय ते देव जाणे.

---

रिकामटेकडा_२२

यूजनेटबद्दल कुणीच का बोलत नाही? आणि हे सगळं कायद्यात बसतं का?

---

कोपऱ्यातला_सीडर

यूजनेट थोडक्यात: १९७९-८० च्या सुमाराची कल्पना, मजकुरासाठी बनवलेली, तिच्यावर फाइली लादल्या. सर्व्हरवरून थेट येतं म्हणून लाइन असेल तेवढा स्पीड, आणि तुला परत काही द्यावं लागत नाही. पारटू (दुरुस्तीसाठी जोडलेल्या जादा) फाइली असतील तर थोडे गहाळ तुकडेही दुरुस्त होतात, ही गोष्ट मला खरंच आवडते. पण कुणीतरी पोस्ट केलेलं असायला हवं, आणि सर्व्हर ते जितके दिवस ठेवेल तितकेच दिवस. नेटलेबलसाठी मी वर्गणी भरणार नाही.

कायद्याचं, मी वकील नाही. पण प्रोटोकॉल बेकायदा नसतो, काय वाटताय त्यावर ठरतं. २००५ च्या ग्रॉक्स्टर (फाइल वाटायचं सॉफ्टवेअर) खटल्यातही अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बोट ठेवलं ते लोकांना उल्लंघनाला उद्युक्त करण्यावर. आणि टॉरेंटमध्ये उतरवता उतरवताच तू वाटतही असतोस, आयपी सगळ्यांना दिसतो, तेव्हा मी फक्त घेत होतो हे म्हणता येत नाही. ज्या गाण्यांचे हक्क जागे आहेत आणि विकत मिळतात ती विकत घ्या, बँडकॅम्पवर फ्लॅक मिळतं आणि थेट कलाकाराकडून. स्पीकरची यादी वेगळी आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन एकदा दिलं की परत घेता येत नाही, लेबल बंद पडलं तरी ज्याच्याकडे ती प्रत आहे त्याला ती अटींप्रमाणे वाटता येते.

---

फुटका_स्पीकर

हिशोब देतो. ४३ पैकी ४१ झाले. आर्काइव्ह १९, सोलसीक २१ (त्यातले नऊ फक्त कॅटलॉग नंबरवरून, ताई खरंच), टॉरेंट तो आधीचा एक. ईम्यूल लावून ठेवलंय काका, रांगेत नंबर ६४० आहे, अजून शून्य.

आणि खास बातमी म्हणजे २००६ च्या त्या अँबियंट अल्बमचं फ्लॅक मिळालंय, ज्याची मी सगळीकडे १९२ चीच एमपीथ्री बघत होतो!

---

बी_साइड

थांबा. वेबॅकवर त्या लेबलचं पान परत बघा, डाऊनलोडपुढे काय लिहिलंय?

---

फुटका_स्पीकर

झिप, १९२ केबीपीएस एमपीथ्री. एवढंच.

---

स्पेक्ट्रम_ताई

मग लेबलने फ्लॅक कधी दिलंच नाही तर आलं कुठून? स्पेकमध्ये टाका बरं.

---

फुटका_स्पीकर

टाकलं. १९ च्या जरा खाली सरळ रेघ. आठही ट्रॅकला.

डिलीट केलं. १९२ वालीच ठेवतो, निदान ती खरी आहे. पण तिच्यातला सहावा ट्रॅक शेवटी तुटतो, ज्यांच्या ज्यांच्याकडे बघितली त्या सगळ्यांकडे त्याच जागी तुटतो. बहुतेक एकाच अर्धवट प्रतीची सगळी पिल्लं.

---

जुना_हबवाला

कॅटलॉग नंबर काय आहे त्याचा?

---

फुटका_स्पीकर

मेसेज केलाय काका.

---

जुना_हबवाला

जुन्या हार्ड डिस्कवर झिप आहे, लेबलच्या साइटवरून तेव्हाच घेतलेली, उघडून पण बघितली नव्हती. सहावा ट्रॅक ७ मिनिटं ४८ सेकंदांचा आहे, शेवटपर्यंत वाजतो. सोलसीक माझ्याकडे नाहीये, आत्ता टाकतो. ते पोर्टचं काय म्हणाला होतात, कुठला नंबर?

---

पोर्ट_उघडा

काका २२३४. तुमचा उघडला नाही तरी चालेल, स्पीकरचा उघडा आहे.